दिवे वाढवले तरी घर अंधारंच? उजेड कुठे मुरतो ते आधी शोधा

आमचं घर डोंबिवलीत, तळमजल्यावर. ३८० स्क्वेअर फुटांचं वन बीएचके. हॉलच्या खिडकीसमोर सात फुटी बोळ आणि बोळापलीकडे शेजारच्या सोसायटीची चार मजली भिंत. सकाळी नऊ वाजता बटन दाबल्याशिवाय पेपर वाचता यायचा नाही. दर दिवाळीला आम्ही एक दिवा वाढवायचो. आधी ९ वॅटचा बल्ब, मग १२चा, मग हॉलमध्ये दुसरी ट्यूब. चार दिवस घर लख्ख वाटायचं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच: "अगं, तो लाईट लाव जरा." "लावलेलाच आहे."

हे दुखणं दरवर्षी का उलटतं ते कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्यातलं दीड वर्ष इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलं. दिवे कमी नव्हतेच. घरच उजेड गिळत होतं आणि आम्ही वरून ओतत होतो. तेव्हा दुकानात जायच्या आधी घरात एक चक्कर मारा. कशी मारायची ते सांगते.

आधी दिवसा, मग रात्री

घरात खरा उजेड कुठे आहे हे सांगणारं सगळ्यात भरवशाचं यंत्र म्हणजे तांदूळ निवडणारी बाई. आमच्या सासूबाई परात घेऊन कधी ओट्याशी बसल्या नाहीत, ट्यूबखालीही नाहीत. त्या थेट दाराच्या उंबऱ्याशी बसायच्या. मला वाटायचं, गप्पा मारायला. एक दिवस मीच तिथे बसले आणि वर पाहिलं, तर पार्किंगच्या वरून आभाळाचा एक पट्टा दिसत होता. घरात दुसऱ्या कुठल्याही जागेवरून आभाळ दिसत नव्हतं.

दिवसाच्या उजेडाचा हिशेब सगळा इथे आहे. तुम्ही जिथे बसता तिथून खिडकीबाहेर आभाळाचा तुकडा दिसत नसेल, तर खिडकी केवढीही असो, तुमच्यापर्यंत येतो तो कुठल्यातरी भिंतीवर आपटून आलेला उष्टा उजेड. तळमजल्याच्या नशिबी बहुतेक उष्टाच उजेड असतो. मग तो कोणाच्या भिंतीवरून आणि कशा भिंतीवरून येतो, याला महत्त्व येतं. त्याकडे पुढे येते.

सासूबाईंच्या वयाचाही भाग आहे. साठीनंतर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली पुरेशी मोठी होत नाही, आणि विशीतल्या माणसाला पुरतो त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड त्याच कामाला लागतो. "मला तर दिसतंय की," असं घरातला मुलगा म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. पण त्याचं दिसणं आजीच्या कामाचं नाही.

मोबाइलवर प्रकाश मोजायची फुकट ॲप मिळतात. आकडे लक्समध्ये येतात. ते प्रयोगशाळेइतके अचूक नसतात, पण आधीचं आणि नंतरचं ताडून पाहायला पुरतात. एकच फोन वापरा आणि तो टेबलावर उताणा ठेवा. दुपारी बारा वाजता सगळे दिवे बंद करून मोजलं तेव्हा आमच्याकडे खिडकीच्या कट्ट्यावर १९०, हॉलच्या मध्यभागी २२ आणि ओट्यावर १४ आले. रात्री नऊला सगळे दिवे लावून मोजलं तर हॉलच्या मध्यभागी ८०, आणि ओट्यावर मी उभी असताना माझ्या हाताखाली ३५. बैठकीच्या खोलीला साधारण १०० ते १५० आणि वाचायला किंवा चिरायला ३००च्या आसपास हवेत. म्हणजे मी रोज कांदा अंदाजाने चिरत होते.

दिवसाचे आकडे पडलेले आणि रात्रीचे बरे असतील, तर रोग खिडकीत आहे. दोन्ही पडलेले असतील तर भिंती, छत आणि दिव्यांच्या जागा तपासा. आकडे ठीक पण डोळे शिणतात, डोकं चढतं, असं असेल तर दिवा डोळ्यांवर येतोय किंवा लुकलुकतोय.

एक सूचना. रस्त्यावरून घरात आल्या आल्या ठरवू नका. बाहेर उन्हात पन्नास हजार ते लाखभर लक्स असतात. डोळ्यांना घरातल्या शंभरावर उतरायला काही मिनिटं लागतात. पाहुण्यांचं "तुमच्याकडे किती अंधार हो" हे नेहमी दारातच येतं, चहा झाल्यावर येत नाही.

दिवसाचा अंधार

खिडकीतून सुरुवात करा, कारण तिथलं निम्मं काम फुकटात होतं.

स्लायडिंगची काच, तिच्यामागे डासांची जाळी, तिच्यामागे पडदा, बाहेर ग्रिल. प्रत्येकाने थोडं थोडं खायचं. आमची जाळी बाजूला सरकवली तेव्हा कट्ट्यावरचे १९०चे २७० झाले. म्हणजे एकटी जाळीच जवळजवळ तिसरा हिस्सा खात होती, आणि त्यात निम्मा वाटा तिच्यात बसलेल्या धुळीचा. ती काढून साबणाच्या पाण्यात भिजवली तेव्हा बादलीत जे उतरलं ते चहासारखं दिसत होतं. डास आहेत म्हणून जाळी कायमची काढता येत नाही, मान्य. पण ती स्वच्छ ठेवता येते, आणि सकाळी दहा ते चार सरकवून ठेवता येते.

तळमजल्याची दुसरी अडचण म्हणजे बाहेरून दिसतं. म्हणून लोक अख्ख्या काचेला दुधी फिल्म चिकटवतात. काही जण तर वर्तमानपत्र. तसं करू नका. माणूस डोकावतो तो खालच्या अर्ध्या भागातून, आणि खोलीत आतपर्यंत उजेड जातो तो वरच्या भागातून. फिल्म फक्त खालच्या अर्ध्या काचेला लावा, किंवा मधोमध दांडी टाकून अर्धा पडदा लावा, जुन्या चाळींत असायचा तसा. खिडकीच्या वरच्या फूटभराला झालर, पेल्मेट, पडद्याची चुण्याचुण्यांची गर्दी यांपैकी काहीही नको. दांडी खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर लांब घ्या, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर नाही, भिंतीवर गोळा होतो.

ग्रिलवरचा पत्रा हा तळमजल्याच्या लोकांनाच कळणारा विषय आहे. वरून कपड्यांचं पाणी, कबुतरं, कधी कांद्याची सालं. म्हणून सगळे ग्रिलच्या डोक्यावर पत्रा ठोकतात. बोळात उजेड येतो तो वरूनच, आणि आपण नेमकं तिथेच झाकण लावतो. आमचा गंजका पत्रा काढून तिथे पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शीट टाकली. कबुतरांनी आठवड्यात तिच्यावर आपली सही केली, त्यामुळे महिन्यातून एकदा पाइपने धुवावी लागते. पण धुवायची शीट परवडली. ग्रिलमधले रिकामे डबे, मोडकी सायकल, वाळलेली तुळस हेही त्याच दिवशी गेलं.

मग खिडकीचा कट्टा. आपल्याकडे तो बहुधा कडप्प्याचा, काळा कुळकुळीत. वरून येणारा उजेड आधी त्यावर पडतो आणि तिथेच संपतो. मी फरशीवाल्याकडून उरलेल्या पांढऱ्या चकचकीत टाइल्सचे तुकडे आणून त्यावर बसवले. उजेड आता कट्ट्यावरून उसळून छताकडे जातो. छतावर एक फिकट चौकोन उमटतो, तो आमच्या मुलीने पहिल्यांदा दाखवला.

आणि मग ती समोरची भिंत. सात फुटांवर, पावसाळ्यात शेवाळाने काळी-हिरवी झालेली. आमच्या हॉलचा सगळा उष्टा उजेड त्या भिंतीवरून येत होता, आणि भिंतच काळी. शेजारच्या सोसायटीच्या चेअरमनकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "तुमच्या उजेडासाठी आमची भिंत?" नवरा म्हणाला, "भिंत तुमचीच राहील काका, फक्त रंग आमचा." दोन बैठका, एक अर्ज आणि "अख्ख्या बाजूला रंग द्या ना मग" असा एक टोमणा, एवढ्यावर परवानगी मिळाली: खिडकीसमोरचा दहा फूट रुंद, बारा फूट उंच तुकडा. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतलं, वाळू दिलं, मग बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग, दोन हात. चुना स्वस्त पडला असता, पण बोळातल्या पावसात तो टिकत नाही. मजुरीसकट साडेचार हजार गेले. आम्ही दिवाळीला केलेला हा एकच खर्च असा, की ज्याचं घरात काही दिसत नाही.

त्यानंतर हॉलच्या मध्यभागी दुपारचा आकडा २२वरून ५१वर गेला. जाळी, पत्रा, कट्टा आणि भिंत मिळून. त्यातला मोठा वाटा भिंतीचा होता. सासूबाई मात्र अजून उंबऱ्याशीच बसतात. म्हणतात, इथे येणारा-जाणारा दिसतो.

रंग मॅट घ्या. चकचकीत रंग, चंदेरी शीट असलं काही लावलंत तर दुपारी त्याची तिरीप समोरच्यांच्या डोळ्यांत जाईल आणि पुन्हा बैठक लागेल. आरशाचंही तेच. आरसा उजेड बनवत नाही, समोर जे असेल त्याची दुसरी प्रत काढतो. आभाळाचा तुकडा दिसेल असा लावलात तर सोनं. काळ्या भिंतीसमोर लावलात तर दोन काळ्या भिंती.

वर स्लॅब नाही अशा घरांना ही सगळी यातायात लागतच नाही. माझ्या माहेरी, राजापूरकडे, माजघराला एकही खिडकी नव्हती. पण कौलांत दोन कौलं काचेची होती. त्यातून उन्हाचा कवडसा पडायचा आणि दिवसभर सरकत जायचा. आजी त्यावरून जेवणाची वेळ सांगायची. पत्र्याच्या घरात एखादा पत्रा पारदर्शक घातला तरी तेच होतं. आभाळाकडे तोंड असलेली फूटभर जागा बोळाकडे उघडणाऱ्या अख्ख्या खिडकीला भारी पडते. फक्त उन्हाळ्यात तिच्यातून घर तापेल, हे धरून चला.

रात्रीचा अंधार

आमच्या हॉलची एक भिंत गर्द मरून होती. रंगाऱ्याने 'हायलाइट' म्हणून सुचवली होती आणि कॅटलॉगात छान दिसत होती. कॅटलॉगातल्या हॉलला मात्र बाल्कनी होती.

हिशेब असा आहे. पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत खोलीत येतो, मध्यम रंगावरून ५० टक्के, गर्द मरूनवरून १०सुद्धा येत नाही. दिव्यातला उजेड तुमच्या पुस्तकापर्यंत येताना भिंती-छतावर दोनतीनदा आपटून येतो. तीनदा आपटल्यावर पांढऱ्या खोलीत शंभरातले ५१ उरतात. मध्यम रंगाच्या खोलीत साडेबारा. म्हणजे तोच बल्ब, तेच बिल, आणि फरक चौपट. हे गणित मी नवऱ्याला दुधाच्या पिशवीच्या मागे करून दाखवलं, तेव्हा मरून भिंत गेली.

पण भिंतीच्या आधी छत. छताकडे कोणी बघत नाही. आमचं अकरा वर्षं रंगवलं नव्हतं. फोडणीच्या आणि उदबत्तीच्या धुराने ते चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटाच्या रंगाचं झालं होतं. पंख्याच्या कपामागे जुना पांढरा रंग दिसला तेव्हा फरक कळला. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर छताला पांढराशुभ्र मॅट रंग द्या. भिंती नंतर, हस्तिदंती किंवा ऑफ-व्हाइट. शेडकार्डवर किंवा कंपनीच्या साइटवर बहुतेक रंगांपुढे एलआरव्ही नावाचा आकडा असतो. किती टक्के उजेड परत येतो, तो आकडा. भिंतीला ७०च्या वरचा निवडा.

तळमजल्याला ओल असते. ती खालून दोनतीन फूट चढते. ती न थांबवता रंग दिलात तर पहिल्या पावसातच पोपडे येतील आणि पैसे गेले. आधी ओल, मग रंग.

फॉल्स सीलिंगबद्दल माझं मत कडक आहे: छोट्या अंधाऱ्या घरात नकोच. नऊ फुटांची खोली साडेआठ होते. वर त्यात गाडलेले गोल दिवे उजेड सरळ खाली टाकतात. खाली काय, तर तपकिरी लादी. भिंतींचा वरचा भाग आणि छत काळोखात राहतं, आणि डोळा खोली उजळ आहे की नाही हे भिंतींवरून ठरवतो, लादीवरून नाही. आमच्या वरच्या मजल्यावर असे बारा दिवे आहेत. सगळे लावले तरी खोली हॉटेलच्या पॅसेजसारखी दिसते.

आता दिव्यांकडे. खोक्यावर वॅट बघू नका, ल्युमेन बघा. वॅट म्हणजे दिवा खातो किती, ल्युमेन म्हणजे देतो किती. बऱ्या एलईडीत वॅटला शंभरच्या आसपास ल्युमेन मिळतात, म्हणजे ९ वॅटचा बल्ब ९००, चार फुटी २० वॅटची ट्यूब २०००. आमच्याकडे ९ वॅटचे चार बल्ब उजाला या सरकारच्या स्वस्त एलईडी योजनेतले होते. ती योजना जानेवारी २०१५मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून आमच्या डोक्यात 'एका खोलीला एक नऊचा' असं बसलं होतं. दहा बाय बाराचा हॉल म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. ९०० भागिले ११ म्हणजे ८२ लक्स, आणि भिंती-छताने त्यातले निम्मे खाल्ले की ४०. एका नऊच्या बल्बने बैठकीची खोली उजळतच नाही. त्यात त्याचा दोष नाही.

पण नुसता मोठा दिवाही उपाय नाही. एक सोपी परीक्षा करा. दिव्याखाली बसा आणि उन्हात धरतो तसा कपाळावर हात आडवा धरून दिवा झाका. खोली एकदम उजळ वाटली, तर तो दिवा तुमच्या डोळ्यांत जात होता. उघडा झगझगीत बल्ब दिसत राहिला की बाहुली आकसते आणि बाकीची खोली काळी दिसते. आम्ही १२ वॅटचा लावल्यावर घर आणखी अंधारं का वाटलं, त्याचं उत्तर हेच होतं.

दुसरी परीक्षा सावलीची. पेपरवर वीतभर उंच हात धरा. सावली काळी आणि कडेला धारदार असेल तर उजेड एकाच ठिकाणाहून येतोय. फिकट, पुसट असेल तर सगळीकडून येतोय, आणि तोच डोळ्यांना बरा.

असा पसरलेला उजेड मिळवायचा स्वस्त मार्ग आम्हाला अपघातानेच सापडला. नवीन ट्यूब भिंतीवर चढवायला वायरमन आला नाही, म्हणून नवऱ्याने ती लोखंडी कपाटावर आडवी ठेवून प्लग लावला. तोंड छताकडे. छत नुकतंच पांढरं झालेलं. सगळं छतच दिवा झालं. वायरमन दुसऱ्या दिवशी आला आणि त्याला चहा देऊन परत पाठवला. ट्यूब कपाटाच्या पुढच्या कडेपासून चार बोटं मागे ठेवली की खालून दिसत नाही. मात्र तिच्याभोवती गाद्या, सुटकेसी, कागद रचू नका. आणि छत पिवळं असेल तर हा प्रयोग फसतो.

पंख्याचं एक. ट्यूब पात्यांच्या वर असेल आणि तुम्ही पंख्याच्या पलीकडे बसत असाल, तर पाती मधून उजेड कापत जातात. पेपर भराभर उजळतो-विझतो. लोक याला ट्यूबचा दोष समजून ट्यूब बदलतात. पंखा बंद करून पाहा. थांबलं, तर ट्यूबची जागा बदला, पात्यांच्या पातळीखाली किंवा बसायच्या बाजूच्याच भिंतीवर.

रंगछटेबद्दल थोडक्यात. खोक्यावर ६५०० के म्हणजे पांढरा-निळसर, ४००० के मधला, २७०० ते ३००० के पिवळसर. अंधाऱ्या छोट्या खोलीत ६५००चा उजेड मला दवाखान्यासारखा वाटतो, आम्ही सगळीकडे ४०००चे लावले. काहीही लावा, पण एका खोलीत एकच छटा ठेवा. एक पिवळा, एक निळसर असले की भिंती मळक्या दिसतात. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ८०च्या खाली नको, स्वयंपाकघरात ९० मिळाला तर पालक पालकासारखा दिसतो.

ओटा

स्वयंपाकघरातली ट्यूब जवळजवळ प्रत्येक घरात चुकीच्या भिंतीवर असते: पाठीमागच्या. आपण ओट्याकडे तोंड करून उभ्या राहतो आणि विळी किंवा सुरी नेमकी आपल्याच सावलीत. त्यात ओटा कडप्प्याचा. मागे कितीही मोठा दिवा लावा, सावली तेवढीच गडद होते.

उपाय दोन फुटांचा आहे. भांड्यांच्या फळीखाली किंवा कपाटाखाली, पुढच्या कडेला लागून, दोन फुटी १० वॅटची ट्यूब. पट्टीमागे लपवली की डोळ्यांवर येत नाही. जिथे चिरता तिथे लावा, शेगडीच्या डोक्यावर नको. तिथे वाफ आणि तेल दोन महिन्यांत तिला चिकट करून टाकतात. वायर नळापासून लांब. आमच्याकडे हाताखालचे ३५ लक्स ३१० झाले. पहिल्या रात्री मला ओट्याच्या सांध्यांत काय काय अडकलंय ते दिसलं. तो अर्धा तास नको होता.

दिवा जातो, लुकलुकतो, बंद केला तरी मिणमिणतो

यातलं काहीही हातात घ्यायच्या आधी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली करा.

बल्ब दर तीन-चार महिन्यांनी जात असेल, तर तो कुठे बसवलाय ते पाहा. बंद काचेच्या डोममध्ये असेल तर तो उष्णतेने मरतोय. एलईडीचे दाणे सहसा टिकतात, खालच्या सर्किटमधला कपॅसिटर तापून आधी जातो. डोम काढा किंवा कमी वॅटचा लावा. उघडा असूनही जातो, बटन दाबल्यावर होल्डरमधून चरचर आवाज येतो, पिना काळ्या पडल्यात? मग होल्डरची स्प्रिंग गेली. होल्डर बदला, बल्बवर बल्ब लावत बसू नका.

बटन बंद करूनही बल्ब अंधुक मिणमिणत राहतो, याची दोन नेहमीची कारणं. बटनात छोटा लाल इंडिकेटर असेल, तर त्यातून झिरपणारा चिमूटभर करंटही एलईडीला पुरतो. ते निरुपद्रवी. दुसरं कारण वाईट: बटन फेजवर नसून न्यूट्रलवर जोडलेलं. म्हणजे बटन बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. बल्ब बदलताना झटका बसू शकतो. हे वायरमनला दाखवाच.

त्याहून वाईट एकच लक्षण. तुम्ही काहीही चालू-बंद केलेलं नाही आणि दिवे मधूनच जास्त उजळतात, मधूनच मंद होतात, पंखा एकदम पळायला लागतो. तीन फेजच्या इमारतीत मीटररूममधला मुख्य न्यूट्रल सैल झाला की असं होतं. एका घरात व्होल्टेज पडतं, दुसऱ्यात भरमसाट चढतं, आणि फ्रिज-टीव्ही जळतात. उद्यावर टाकू नका. मेन बंद करा, सेक्रेटरीला उठवा.

डोकं दुखतं पण कारण कळत नाही, तेव्हा मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा दिव्याकडे धरा. चित्रात काळे पट्टे सरकताना किंवा भकभक दिसली, तर तो दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतोय. असा दिवा जिन्यात लावा, अभ्यासाच्या टेबलावर नको.

वर्षाने पुन्हा अंधार का येतो

कारण एलईडी जुन्या बल्बसारखा फट्कन जात नाही. तो म्हातारा होतो. खोक्यावर लिहिलेले तास म्हणजे तो विझेपर्यंतचे नसतात. उजेड सत्तर टक्क्यांवर उतरेपर्यंतचे तास धरायची रीत आहे. त्यामुळे दिवा चालू असतो आणि घर हळूहळू अंधारतं, आपल्याला पत्ता लागत नाही. आम्ही आता ट्यूबच्या टोकावर मार्करने महिना-वर्ष लिहितो, आणि दिवाळीची साफसफाई झाली की त्याच तीन जागी फोन ठेवून आकडे घेतो. पडले असतील तर आधी ट्यूब आणि जाळी पुसतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

दिवसा दिवा लावायची लाज मात्र सोडली. सासूबाईंच्या पिढीला दिवसाढवळ्या बटन दाबणं म्हणजे उधळपट्टी. ते ६० वॅटच्या बल्बच्या काळात खरंही होतं. त्यांच्या झिरोच्या बल्बलाही १५ वॅट लागायचे, नाव शून्य असलं तरी. २० वॅटची ट्यूब दिवसाला दहा तास जळली तर महिन्याला ६ युनिट. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये धरले तरी साठ रुपये. बेडरूमची आमची खिडकी डक्टमध्ये उघडते. तिथे ना आभाळ, ना रंगवायला कोणाची भिंत. तिच्यापुढे आम्ही हात टेकले आणि एक ट्यूब दिवसभर चालू ठेवतो.

यंदा गणपतीनंतर बोळात जाऊन पाहिलं, तर समोरच्या पांढऱ्या तुकड्याच्या खालच्या तीन फुटांवर पुन्हा हिरवी झाक धरली होती. चेअरमनकाका गॅलरीत उभे होते. वरूनच म्हणाले, "ब्रश कधी आणताय?"